दोन बरण्या आणि आयतारचा पोकर

माडाखाली चुडतं, म्हणजे वाळक्या झावळ्या, पडतात, तसे हे किस्से. एक पडलं तरी कोणी उचलत नाही, दुसरं पडलं तरी नाही. मग एक दिवस त्यात पाय अडकून माणूस आपटतो, तेव्हा कळतं की खाली ढीग झालाय! आमच्या आयतारच्या, म्हणजे रविवारच्या, पोकराचं तसंच झालं. परवा एकाला एक गोष्ट सांगायला गेलो, तिच्यातून दुसरी निघाली, दुसरीतून तिसरी, आणि त्या भल्या माणसाचा चहा थंड झाला. तेव्हा म्हटलं, बसून सावकाश लिहूया. सावकाश तेवढं आपल्याला जमतं.

मी जयराम, गोव्यातल्या मांद्र्याचा. जन्मभर पाडेली होतो, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा. वर असताना माणूस वाटेवरच्या सगळ्यांशी बोलतो. गुडघे गेले, खाली आलो, आणि बोलायला कोणी उरलं नाही. घरी बायको, आमची घरकारीण, आहे, पण ती कामात असते.

तेव्हा सुलूबायने हाक मारली. समुद्राच्या वाटेवर तिचं पाच खोल्यांचं गेस्ट हाऊस आहे. एका पावसाळ्यात तिच्याकडे एक परदेशी पाहुणा महिनाभर राहिला. शेवटी भाड्याला पैसे कमी पडले, म्हणून तिला पोकर शिकवून गेला. सुलूबाय सांगते, त्याने बुडवलेलं भाडं ती अजून आमच्याकडून वसूल करतेय.

खेळ सोपा आहे. प्रत्येकाला दोन पानं, ती लपवायची. मधे पाच पानं उघडी, ती सगळ्यांची. ज्याची जोड भारी त्याचा डाव. पानं पटली तर पैसे पुढे करायचे, नाही पटली तर पानं टाकून डाव सोडायचा. आणि पानं भिकार असून सावकारासारखं बसायचं, त्याला ब्लफ म्हणतात.

आम्ही पाच जण. सुलूबाय, मी, शाळेतून निवृत्त झालेले दत्ताराम मास्तर, केरीचा मासेमार रोहिदास, आणि डिचोलीकडच्या मयेचा सगुण. सगुण खाणीवर टिपर चालवायचा. खाण बंद पडली तसा लेकीकडे मांद्र्याला येऊन राहिला. आयतारी जेवून तीन वाजता सुलूबायच्या बलकांवात, म्हणजे दारापुढच्या बाकांच्या सोप्यात, आम्ही जमतो. प्रत्येकी पन्नास रुपये बिस्किटांच्या डब्यात टाकायचे. पन्नास संपले की त्या दिवशी नुसता चहा.

* * *

सुरुवातीला आम्ही काजूच्या बिया लावून खेळायचो. एक बी पाच रुपयांची. सुलूबाय प्रत्येकाला दहा बिया मोजून द्यायची आणि शेवटी ज्याच्याकडे जितक्या उरल्या तितक्यांचे पैसे द्यायची.

एप्रिल महिना आला. त्या आयतारी खेळ संपला, सगुणने आपल्या बिया मोजल्या. एकोणीस. म्हणजे जिंकला. रोहिदासच्या सोळा. तोही जिंकला. सुलूबायच्या पंधरा, मास्तरांच्या चौदा, माझ्या तेरा. पाचही जण जिंकलो!

सुलूबाय डब्यातल्या अडीचशे रुपयांकडे बघत राहिली. मग तिने आम्हाला उभं करून खिसे उलटे करायला लावले. सगळ्यांच्या खिशात बिया.

कोणी लबाडी केली नव्हती हो. सुलूबायकडे येणारी वाट काजूच्या बागेतून जाते. वाटेवर बी पडलेली दिसली आणि तो वाकला नाही, असा माणूस आमच्याकडे अजून जन्मायचाय. बी उचलायची, खिशात टाकायची. खेळताना हात खिशात जातो, खिशातलं पटावर येतं. सुलूबायसुद्धा सकाळी बागेत जाऊन आली होती आणि तिच्या पदराला गाठ होती.

मास्तर वही ठेवतात. त्यांनी त्या दिवसापुढे लिहिलं, 'आज सर्वजण जिंकले. कारण : उत्तम खेळ.'

पुढच्या आयतारपासून बियांच्या जागी शर्टाची काळी बटणं आली.

* * *

माझी घरकारीण कधी काही विचारायची नाही. एकदा भात वाढताना तिने विचारलं, आतापर्यंत किती हरलात? मी म्हटलं, फार नाही. ती म्हणाली, "फार नाय म्हंजे किती? गेल्या वर्सा वारो पण फार नाय होतो. न्हाणीचा छप्पर खंय गेला?"

दुसऱ्या दिवशी तिने लोणच्याच्या दोन रिकाम्या बरण्या धुऊन खिडकीत ठेवल्या. पाच रुपये हरलो तर डावीत एक चिंचोका, जिंकलो तर उजवीत एक. मी फार शिकलो नाही, पण चिंचोका मला वाचता येतो. गणेश चवथीच्या आदल्या आयतारी दोन्ही ओतायच्या असं तिने ठरवलं. उजवी भारी झाली तर पुढेही खेळा. डावी भारी झाली तर आयतार बंद, "मगे हंय माझ्या बाजूक बसान वाती वळा."

वाती वळायला माझी ना नाही. पण वातींना बोलता येत नाही.

तेव्हापासून मी पोकर शिकायला लागलो. त्याआधी नुसता खेळत होतो.

* * *

शिकायचं तर मास्तरांकडून, असं मला वाटलं. त्यांची वही म्हणजे एक बघण्यासारखी गोष्ट. लाल शाईने रेघा मारलेल्या. तारीख, डाव, हरलेली रक्कम, हरण्याचं कारण. मी म्हटलं, मास्तर, मला जरा वाचून दाखवा.

त्यांनी वाचलं. 'सगुण खोकला.' 'वारा आला, पान उडालं.' 'चहा फार गोड.' 'रोहिदासने उगाच माझ्याकडे पाहिलं.' 'घरून फोन.' असं पानामागून पान. शेवटचा एक रकाना होता, 'स्वतःची चूक'. तो वर्षभर कोरा, कपाळासारखा स्वच्छ.

सुलूबाय पानं पिसत ऐकत होती. ती म्हणाली, "मास्तर, ह्या वहीत तुमी एकदाय हरूक नाय. मगे माझ्या डब्यात तुमचे पैसे कोण टाकून जाता?"

मास्तरांनी पेन काढलं आणि त्या दिवसाचं कारण लिहिलं. 'सुलूबाय बोलली.'

* * *

पण मास्तरांच्या वहीतून मला एक समजलं. किती हरलो एवढ्याने भागत नाही, कशाने हरलो ते कळायला हवं. माझे चिंचोके सगळे सारखेच दिसायचे. मग मी एक युक्ती केली. पानं चांगली असून नशिबाने हरलो तर चिंचोका. आणि पानं भिकार असताना, दुसऱ्याकडे काय आहे ते बघूया तरी, म्हणून बसून राहिलो आणि हरलो, तर फणसाची आठळी.

महिन्याभराने बघतो तर डावीत चिंचोके पडले चार, बाकी सगळ्या आठळ्या!

मला हे ठाऊकच नव्हतं. माझं नशीब वाईट नव्हतं, मी चौकस होतो. माडावरून दुसऱ्यांच्या परसात बघायची चाळीस वर्षांची सवय, ती जमिनीवर येऊन पैसे खात होती.

ठरवलं, आता बघायचं नाही. शांतपणे पानं टाकायची. त्या दिवशी आनंदात घरी आलो, जेवायला बसलो. आमटी फार चवदार झाली होती. दोनदा वाढून घेतली. तिसऱ्यांदा वाटीत काय आलं ते नीट बघितलं.

महिन्याचा सगळा तोटा आम्ही दोघांनी भाताबरोबर खाल्ला होता!

मी खिडकीकडे नुसतं बघितलं. बरण्यांतून आपली सुटका झाली असं मनात आलं, खोटं कशाला सांगू. घरकारीण ताट उचलताना म्हणाली, "सतरा होत्यो. तितके चिंचोके घातलंय मी परत."

* * *

सगुणची गोष्ट वेगळी. तो कधी जिंकायचा नाही, आणि का ते त्याला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. टिपर चालवून चालवून त्याचे पाय स्वतंत्र झाले होते. हातात चांगली पानं आली की मेजाखाली त्याचा डावा पाय क्लच दाबायचा. चपलेचा आवाज यायचा. आम्ही लगेच पानं टाकायचो. राजे आले तरी, एक्के आले तरी, त्याला बिचाऱ्याला दोन-तीन बटणं मिळायची.

मला ते बरं वाटेना. एकदा घरी जाताना मी त्याला सांगून टाकलं. तो वाटेतच थांबला. "दोन वर्सां?" एवढंच म्हणाला.

पुढच्या आयतारी सगुण आला आणि खुर्चीवर मांडी घालून बसला. दोन्ही पाय बांधल्यासारखे. चेहरा देवळातल्या दीपमाळेसारखा सरळ. पहिले तीन डाव आम्हाला काही कळेना. रोहिदास अस्वस्थ झाला. मास्तरांनी वहीत लिहिलं, 'सगुण गप्प.'

चौथ्या डावाला सगुणने पानं उचलली. बघितली. पाय हलला, पण मांडीत अडकला. पुन्हा हलला. मग त्या बापड्याने पानं छातीशी धरली आणि खाली वाकून मेजाखाली बघितलं, क्लच गेला कुठे म्हणून!

आम्ही चौघांनी पानं टाकली.

* * *

रोहिदासचं तोंड बघून काही कळणं शक्य नाही. मासे पकडणाऱ्यांची रीतच आहे, होडी भरून आली तरी काय मिळालं म्हणून विचारलं तर "काय नाय" म्हणायचं. खरं सांगितलं तर दृष्ट लागते आणि गिऱ्हाईक भाव पाडतं. त्यामुळे रोहिदासकडे तीन एक्के असले तरी "काय नाय", आणि खरंच काही नसलं तरी "काय नाय".

मी सहा महिने त्याच्या आवाजाकडे कान लावून बसलो, कुठे फरक सापडतो का म्हणून. सापडला नाही.

मग एका आयतारी रोहिदास सत्तर रुपये जिंकला. त्याच्यासाठी मोठी गोष्ट. तेवढ्यात केरीहून बायकोचा फोन आला. त्याला कानाने कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकर लावून फोन मेजावर ठेवतो आणि मोठ्याने बोलतो. तिने विचारलं, काय झालं आज? हा म्हणाला, "काय नाय."

फोनमधून लगेच आवाज आला, "बरा. येताना धा उंडे पाव हाड, आनी साखर हाड, आनी माझ्यो गोळयो."

रोहिदासने फोन बंद केला. आम्ही चौघं फोनकडे बघत होतो. सुलूबाय म्हणाली, "रोहिदासा, आमका कळना ता तिका कळता. तुझ्या बायलेक घेवन ये एकदा खेळूक."

त्याने अजून आणलेली नाही. त्याला तेवढं कळतं.

* * *

एकदा सुलूबायकडे शहरातला एक पाहुणा उतरला होता. तो म्हणे कॉम्प्युटरवर पोकर खेळून पोट भरायचा. आम्हाला बघून त्याला गंमत वाटली, बसू का म्हणाला. बस बाबा. पन्नास रुपये टाक.

तो काळा चष्मा लावून बसला. कोणी किती वेळ घेतो, कोण कुठे बघतो, सगळं टिपत होता. तासाभरात त्याने मास्तरांना आणि सगुणला चहावर पाठवलं. मग माझी त्याची गाठ पडली. मधल्या पानांत काहीतरी होतं. मी माझी दोन पानं उचलली, बघितली, खाली ठेवली. परत उचलली. उजेडाकडे नेली. परत ठेवली. छपरावर एक कावळा येऊन गेला. दुसरा आला. मग मी चार बटणं पुढे सरकवली.

पाहुण्याला घाम आला. त्याने आपली पानं उलटी करून दाखवली, तीन राजे जमले होते. आणि ती टाकून दिली!

जाताना त्याने माझा हात धरला. म्हणाला, काका, इतकी वर्षं खेळतो, पण पाच मिनिटं एका पानावर विचार करणारा माणूस बघितला नाही. काय विचार करत होता तेवढं सांगा.

मी म्हटलं, "विचार कसला बाबा. चष्मा घरी राहिला. इस्पिक की किलवर, ते लावत होतो."

घरी येऊन सांगितलं तर घरकारीण म्हणाली, मग दर आयतारी चष्मा ठेवूनच जावा. पुढच्या वेळी तसाच गेलो. चाळीस रुपये हरलो. आमच्यातलं कोणी तीन राजे टाकत नाही.

* * *

आता शेवटचं सांगतो.

चवथीच्या आदल्या आयतारी मी सहा चिंचोके मागे होतो. म्हणजे तीस रुपये. सुरुवातीला होतो त्यापेक्षा पुष्कळ बरं, पण घरात ठरलेलं होतं ते ठरलेलं. वाती वळायचा कापूससुद्धा आणून ठेवला होता.

तीनपासून सहापर्यंत मी पानं टाकत होतो. कोणाकडे काय आहे ते बघायची खाज सुटायची, पण नाही बघितलं. मधे मधे एखादं बटण ठेवावंच लागतं, त्यात दहाची चार राहिली. बाकीच्यांना ठाऊक होतं. आयतार बंद झाला तर पाचवी खुर्ची रिकामी, हे त्यांनाही बरं वाटत नव्हतं. पण कोणी मुद्दाम हरलं नाही. तसं केलं असतं तर मीच उठलो असतो.

मग मला दोन राण्या आल्या. मधे तिसरी पडली. मी चारही बटणं पुढे केली. सुलूबायने पानं टाकली. सगुणने चार घातली, रोहिदासने "काय नाय" म्हणून चार घातली, मास्तरांनी माझ्याकडे रागाने बघून चार घातली. पानं उलटली. सोळा बटणं माझी!

सुलूबायने देवाकडे दिवा लावला, म्हणजे खेळ बंद. तीस रुपये वर घेऊन मी गुडघे विसरून घरी गेलो आणि उजवीत सहा चिंचोके टाकले.

घरकारणीने दोन्ही बरण्या जमिनीवर वेगवेगळ्या ओतल्या. आम्ही नारळ मोजतो तसे, एक ह्या हाताने, एक त्या हाताने, असे चिंचोके बाजूला करत गेली. शेवटचा डावा आणि शेवटचा उजवा एकाच वेळी उचलला गेला. तिने बरण्या उलट्या करून ठोकल्या. काही पडलं नाही.

डावी भारी झाली तर बंद, उजवी भारी झाली तर चालू. सारख्या झाल्या तर काय, हे दोघांनीही ठरवलं नव्हतं. जिंकल्याच्या नादात माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

तिने चिंचोके बरण्यांत परत भरले. मग म्हणाली, "सकाळी देवळात जावया. कौल लावया."

आमच्याकडे लग्न, विहीर, नोकरी, सगळं देवाला विचारून होतं. देवाच्या अंगावर दोन बाजूंना फुलाच्या ओल्या पाकळ्या लावायच्या आणि गाऱ्हाणं घालायचं. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. त्यापुढे कोणी बोलायचं नाही.

सकाळी भटजींना सगळं सांगितलं. ते म्हणाले, देवाला नीट सांगायला हवं, अर्धवट विचारलं तर अर्धवट उत्तर मिळतं. म्हणून त्यांनी चौकशी केली. कोण कोण असतात? दारू असते काय? नाही. पाच रुपये म्हणजे पहिल्यापासून पाच, की वाढत जातात? मी सांगितलं. दोन पानं लपवायची आणि पाच उघडी, हे त्यांनी दोनदा विचारलं. मग पाकळ्या लावल्या आणि हात जोडले. "म्हाराजा, हो तुजो लेकरू आयतारी सुलूबायच्या बलकांवात बटनां लावन खेळता. खेळूचा काय बंद करूचा, ता सांग."

आम्ही उभे राहिलो.

पाकळी पडेना. ना उजवी, ना डावी. गाभाऱ्यातली समई शांत. घरकारीण एका पायावरून दुसऱ्या पायावर झाली. मी हललो नाही. माडावर वारा सुटला की झाडाला धरून गप्प राहायचं असतं, घाई केली की मेलास. अर्धा तास झाला. भटजींनी पुन्हा गाऱ्हाणं घातलं. पाकळ्या आपल्या जागी. ती माझ्याकडे बघायची, मी देवाकडे.

शेवटी तिने सुस्कारा सोडला. "मुगागाठीची उसळ चुलीर ठेवन इलंय मी. देवाकच ठरवूक जमना, तर मी खंयची मोठी? जावा, खेळा तुमी." तिने नमस्कार केला आणि पायऱ्या उतरून गेली. तिच्या चपलांचा आवाज तुळशीपर्यंत गेला, मग वाटेवर गेला, मग ऐकू येईनासा झाला.

तेव्हा डावी पाकळी पडली.

मी भटजींकडे बघितलं. भटजी पाकळीकडे बघत होते. मग त्यांनी दाराकडे बघितलं. वाकून ती पाकळी उचलली, तीर्थाच्या ताटात बाकीच्या फुलांत मिसळली आणि माझ्या हातावर तीर्थ घातलं.

"जयरामदा," ते हळूच म्हणाले, "आयतारी किती वाजता बसतात म्हणालात?"